नेटवर्क फाइलसिस्टीमचा जुना पेज कॅशे कोड नेटएफएसवर न्यायचाय? मग हे आधी वाचा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एका टीमकडे स्वतःची नेटवर्क फाइलसिस्टीम आहे, क्लायंट लिनक्स कर्नलचं मॉड्युल म्हणून चालतो, मेनलाइनमधे म्हणजे कर्नलच्या अधिकृत सोर्समधे नाही, कर्नल ५.४ च्या काळात लिहिलेला. आता तो ६.१२ वर न्यायचाय. पेज कॅशेचा भाग, म्हणजे फाइलची पानं (पेजेस) रॅममधे ठेवून सांभाळणारा कोड, चार हजार ओळींच्या घरात. मॅनेजर म्हणतोय कर्नलमधे आता नेटएफएस नावाची लायब्ररी आलीये, सगळं तिच्यावर टाका, निम्मा कोड उडेल, एका स्प्रिंटमधे होऊन जाईल. विचारणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: करावं का, सुरुवात कुठून करावी, आणि जुन्या कर्नलवर बसलेल्या गिऱ्हाइकांचं काय.

करावं. पण एका स्प्रिंटमधे ते होणार नाही, आणि ओळी कमी व्हाव्यात म्हणून तर अजिबात करू नका. ओळी कमी होतात हो, पण तो वरकड फायदा झाला. खरा फायदा हा की पेज कॅशेचे नियम दर दोन-चार रिलीजला बदलतात आणि त्यांच्या मागे धावायचं काम तुमच्याकडून दुसऱ्याकडे जातं. ५.४ नंतर काय काय झालं बघा ना, ५.८ मधे रीडअहेड हे नवीन ऑपरेशन आलं, ५.१६ मधे मॅथ्यू विल्कॉक्सचे फोलिओ (एक किंवा अनेक सलग पेजांचा एकत्र हाताळायचा गठ्ठा) आले, ५.१८ मधे जुनं रीडपेजेस गेलं, ५.१९ मधे रीडपेजचं रीड_फोलिओ झालं, ६.१२ मधे राइट_बिगिनला पेजच्या जागी फोलिओ आला. आणि यातलं एकही तुमच्या प्रोटोकॉलशी संबंधित नाही! सर्व्हर तोच, पॅकेट तेच, तरी तुमच्या माणसाने दर वेळी सगळा कोड उकरायचा. कर्नलच्या आतल्या एपीआयला स्थैर्य द्यायचं नाही हे त्यांचं जाहीर धोरण आहे, त्यामुळे तक्रार करून उपयोग नाही.

ही लायब्ररी आली कशी ते माहीत असलं तर पुढचं सोपं जाईल. लिनक्समधे एनएफएस, सिफ्स म्हणजे एसएमबीचा क्लायंट, एएफएस, सेफ आणि नाइन-पी, या सगळ्या नेटवर्क फाइलसिस्टीमकडे वाचायचा कोड स्वतःचा होता आणि दुरून बघितलं तर तो सारखाच दिसायचा. पेज मागितलं, लोकल डिस्क कॅशेत आहे का बघा, नसेल तर सर्व्हरकडे जा, आलं की पेजात भरा, कॅशेत एक प्रत टाका, पेज अनलॉक करा. डिस्क कॅशे म्हणजे एफएस-कॅशे आणि त्याच्या खाली कॅशेफाइल्स, हे २००९ मधे २.६.३० पासून होतंच. रेड हॅटमधल्या डेव्हिड हॉवेल्सने ते लिहिलं आणि पुढे त्यानेच ५.१३ मधे म्हणजे २०२१ ला कर्नलच्या fs डिरेक्टरीच्या खाली नेटएफएस नावाची नवी डिरेक्टरी तयार केली. पहिल्यांदा एएफएस आणि सेफ त्यावर गेले, तेही फक्त वाचायला. ५.१६ मधे नाइन-पी गेलं. लिहिण्याची बाजू थेट २०२४ मधे, ६.८ ला आली, आणि सिफ्स ६.१० मधे. म्हणजे ज्याने लायब्ररी लिहिली, ज्याला पाचही फाइलसिस्टीम आतून माहीत, त्याला रीडपासून राइटपर्यंत यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. हे मॅनेजरला नक्की सांगा.

आता खरी गोम. वर मी म्हटलं की कोड दुरून सारखा दिसतो. रिफॅक्टरिंगमधे माणूस इथेच फसतो, दोन फंक्शन्स शेजारी ठेवली, ऐंशी टक्के ओळी जुळल्या, की काढ एक कॉमन फंक्शन आणि राहिलेल्या वीस टक्क्यांसाठी दे चार फ्लॅग. नेटवर्क फाइलसिस्टीममधे तो वीस टक्क्यांचा फरक म्हणजेच प्रोटोकॉल असतो. त्यामुळे आधी रेघ कुठे मारायची ते ठरवा. नेटएफएसमधे ती रेघ अशी आहे की पेज कॅशे, फोलिओचं लॉकिंग, मोठ्या मागणीचे तुकडे करणं, कॅशेत आहे की सर्व्हरवर जायचं हे ठरवणं, एखादा तुकडा फसला तर परत मागणं, हे सगळं लायब्ररीचं. तुमच्या फाइलसिस्टीमने फक्त एवढंच करायचं: ‘या इनोडचे अमुक ऑफसेटपासून अमुक बाइट्स आण आणि या इटरेटरमधे ओत’, झालं की कळव. (इनोड म्हणजे कर्नलमधली त्या फाइलची नोंद, इटरेटर म्हणजे डेटा मेमरीत कुठे ठेवायचा ते सांगणारं स्ट्रक्चर.) बस. तुमच्या कोडला फोलिओ दिसताच कामा नये. नेटएफएसवर नेल्यानंतरसुद्धा तुमच्या रीडच्या फाइलमधे फोलिओ अनलॉक करणारी एखादी ओळ उरली असेल तर समजा रेघ चुकीच्या जागी पडलीये.

मोठ्या मागणीला तिथे रिक्वेस्ट म्हणतात आणि तुकड्याला सबरिक्वेस्ट. तुकडा केवढा करायचा हे मात्र लायब्ररीला ठरवता येत नाही, कारण त्याची कारणं प्रत्येकाकडे वेगळी. नाइन-पीमधे एमसाइझ आहे, एका मेसेजमधे जेवढं मावेल तेवढंच, आणि त्याचा डिफॉल्ट ५.१५ च्या आधी चक्क ८ केबी होता, ५.१५ मधे १२८ केबी केला. सेफमधे फाइल ऑब्जेक्टमधे कापलेली असते, डिफॉल्ट ४ एमबीचा ऑब्जेक्ट, आणि पुढचा ऑब्जेक्ट वेगळ्याच मशीनवर असू शकतो, त्यामुळे तुकडा ऑब्जेक्टची हद्द ओलांडू शकत नाही. एसएमबीमधे तर क्रेडिटचा हिशोब. सर्व्हर क्लायंटला क्रेडिट देतो, दर ६४ केबीला एक क्रेडिट खर्ची पडतं, ४ एमबीचं वाचन एका रिक्वेस्टमधे करायचं तर ६४ क्रेडिट हातात हवीत, नसतील तर थांबा किंवा छोटं मागा. म्हणून प्रिपेअर_रीड नावाचा हुक, म्हणजे लायब्ररी बोलावते ते तुमचं फंक्शन, आहे, लायब्ररी विचारते की बाबा या तुकड्याची कमाल लांबी किती, तुम्ही सांगायचं. पाठवायच्या वेळी इश्यू_रीड.

इथली एक बारीक गोष्ट बघा. पाठवलेला तुकडा फसला, लायब्ररीने परत पाठवायचं ठरवलं, पण परत पाठवताना तुकड्याचा आकार बदलला. मग क्रेडिटही परत घ्यायला हवीत ना? सिफ्समधे ६.१० च्या कटओव्हरनंतर, म्हणजे जुना रस्ता बंद करून नेटएफएसवर गेल्यावर, नेमका हाच बग निघाला, रीड रिट्राय होताना क्रेडिट नव्याने मागितलीच जात नव्हती. जुन्या कोडमधे रिट्राय आणि क्रेडिट एकाच फंक्शनमधे शेजारी शेजारी होतं, म्हणून कुणाला वेगळं लक्षात ठेवावं लागत नव्हतं. रिफॅक्टर केल्यावर रिट्राय लायब्ररीत गेलं, क्रेडिट इकडे राहिलं, आणि दोघांमधला न लिहिलेला करार मधल्यामधे गळून पडला. तुमच्याकडेही असं काहीतरी शंभर टक्के असणार, सेशन टोकन असेल, लीज असेल, सिक्वेन्स नंबर असेल. रेघ मारायच्या आधी जुन्या कोडमधे शोधा की कुठल्या दोन गोष्टी फक्त शेजारी आहेत म्हणून बरोबर चालतायत.

यापेक्षा जास्त रक्त आटवतं ते फाइलचं शेवटचं टोक. नेटएफएसच्या इनोडमधे फाइलची लांबी एक नसते, तीन आकडे असतात. एक आपला नेहमीचा आय_साइझ, म्हणजे युजरला दिसणारी लांबी. दुसरा रिमोट_आय_साइझ, सर्व्हरला माहीत असलेली. आणि तिसरा झिरो_पॉइंट, म्हणजे या ऑफसेटच्या पुढे सर्व्हरवर काहीच डेटा नाही असं आपण धरून चालतो, तिथलं वाचायला आलं तर नेटवर्कवर न जाता शून्य भरून द्या. हा तिसरा आकडा म्हणजे चांगली ऑप्टिमायझेशन आहे आणि पायात पाय अडकवणारी पण हीच.

उदाहरण घ्या. फाइल ६००० बाइटची. ॲप्लिकेशनने ट्रंकेट (लांबी बदलण्याचा कॉल) करून ती १ एमबी केली. झिरो_पॉइंट ६००० वरच, कारण पुढे भोकच आहे. आता त्याच ॲप्लिकेशनने डायरेक्ट आयओने ५०० केबीच्या ऑफसेटला ४ केबी लिहिले. डायरेक्ट आहे, म्हणजे पेज कॅशेला वळसा घालून डेटा थेट सर्व्हरला गेला. नंतर साधा रीड आला त्याच जागी. झिरो_पॉइंट जर कुणी पुढे सरकवला नसेल तर लायब्ररी म्हणणार, ५०० केबी म्हणजे ६००० च्या पुढे, तिथे काही नसतंच, घ्या शून्य. सर्व्हरवर डेटा व्यवस्थित आहे, नेटवर्क ठीक आहे, लॉगमधे एक ओळ नाही, एरर नाही, पण ॲप्लिकेशनच्या हातात शून्यं. डेटाबेसवाल्याचा फोन येईल तेव्हा कळणार. सिफ्समधे डायरेक्ट राइटनंतर झिरो_पॉइंट नीट न सरकण्याचा बग खरोखर होता आणि दुरुस्त केला गेला. हीच भानगड कॉपी_फाइल_रेंजची. सर्व्हरनेच आतल्या आत एका फाइलमधून दुसरीत कॉपी केली, डेटा आपल्या हातातून गेलाच नाही, तर आपल्याला कसं कळणार की तिथे आता काहीतरी आहे? स्वतःहून सरकवायचा. पंच होल (फाइलमधे भोक पाडणं), झिरो रेंज (एक भाग शून्य करणं), रिफ्लिंक (दोन फाइलींनी तेच ब्लॉक वाटून घेणं), सगळीकडे तेच. माझं मत विचाराल तर पहिल्या सहा महिन्यांत झिरो_पॉइंट सरळ खूप मोठ्या आकड्यावर ठेवा म्हणजे ही ऑप्टिमायझेशन बंदच. थोडे जास्तीचे राउंडट्रिप जातील, जाऊ देत. नंतर एकेक ऑपरेशन तपासून चालू करा.

शॉर्ट रीडचंही असंच. तुम्ही ४०९६ मागितले, सर्व्हरने ३००० दिले. फाइल संपली, की सर्व्हरने आत्ता एवढेच दिले आणि बाकीचे परत मागा? हे लायब्ररीला कळू शकत नाही, तुम्हीच सांगायचं, त्यासाठी फ्लॅग आहेत, शेवट गाठला हे सांगणारा एक, उरलेली शेपटी शून्याने भर असं सांगणारा एक. तुमच्या प्रोटोकॉलच्या डॉक्युमेंटमधे शॉर्ट रीडचा अर्थ काय ते लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर सर्व्हरच्या टीमकडून लेखी घ्या. तोंडी नको, तोंडी दर वेळी वेगळं सांगतात.

लिहिण्याकडे येतो. पूर्वी प्रत्येक पेज दोन ठिकाणी जायचं, सर्व्हरला आणि लोकल कॅशेला, आणि दोन्हीसाठी दोन वेगळे पेज फ्लॅग असायचे, सर्व्हरला जातंय तोवर राइटबॅकचा फ्लॅग, कॅशेत जातंय तोवर प्रायव्हेट-२. आता नव्या राइटबॅकमधे एका रिक्वेस्टला दोन प्रवाह असतात, एक सर्व्हरकडे आणि एक कॅशेकडे, प्रत्येकाचे तुकडे वेगळे, आणि दोन्हीकडचं काम झालं की मगच फोलिओवरचा राइटबॅक उतरतो. ऐकायला छान, आहेही छान. पण प्रायव्हेट-२ हा दुसरा फ्लॅग ६.१० मधे काढून टाकला आणि लक्षात आलं की सेफ अजून त्याच्यावर अवलंबून आहे, मग ६.११ च्या वेळी तो बदल उलटवावा लागला. लायब्ररी लिहिणाऱ्याचंच हे झालं, आणि सेफ तर मेनलाइनमधे आहे, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. तुमचं मॉड्युल कुणाला दिसत नाही, ते कशावर अवलंबून आहे हे ग्रेप करून कुणी बघणार नाही, हे डोक्यात ठेवा.

अर्ध्या पेजाचं लिहिणं हा अजून एक कोपरा. युजरने पेजच्या मधोमध १०० बाइट लिहिले आणि ते पेज अजून वाचलेलंच नाही. जुना सरळ मार्ग म्हणजे आधी पूर्ण पेज सर्व्हरकडून आणा, मग त्यात १०० बाइट बदला. नेटएफएस शक्य असेल तिथे वाचत नाही, फोलिओच्या प्रायव्हेटमधे एक छोटं स्ट्रक्चर लटकवतं, कुठून सुरू आणि किती बाइट डर्टी (बदललेले पण अजून सर्व्हरला न गेलेले) एवढंच. तुम्ही जर फोलिओचा प्रायव्हेट पॉइंटर स्वतःच्या कामाला वापरत असाल, आणि जुन्या क्लायंटमधे हमखास वापरलेला असतो, तर इथे गाडं अडणार. ते आधी मोकळं करा.

मेमरीबद्दल एकच. डर्टी पेज सर्व्हरला लिहिल्याशिवाय मेमरी मोकळी होत नाही, आणि लिहायला रिक्वेस्टचं स्ट्रक्चर अलोकेट करावं लागतं. मेमरी संपली असताना हे चक्र पूर्ण बंद होतं. म्हणून ६.१० मधे रिक्वेस्ट आणि सबरिक्वेस्टसाठी मेमपूल, म्हणजे आधीच राखून ठेवलेली मेमरी, आले आणि सिफ्सनेही आपले मेमपूल दिले. तुम्हाला सबरिक्वेस्ट आपल्या स्ट्रक्चरमधे एम्बेड करायची सोय आहे, ती वापरा. वेगळं केमॅलॉक करून आत पॉइंटर ठेवण्याची हौस नको.

आता सुरुवात कुठून. इथे मी स्वतःची काही पद्धत सांगत बसत नाही, सिफ्सची पॅच सिरीज गिटमधे बसून वाचा, एवढा चांगला धडा कुठल्या कोर्समधे मिळणार नाही. ६.३ मधे त्यांनी नेटएफएसला हातही लावला नाही, फक्त पेजांच्या याद्या फिरवायचं बंद करून पूर्ण आयओचा रस्ता इटरेटरवर आणला. त्याने युजरला काही फरक पडला नाही, पण नेटवर्कचा थर ‘पेज’ या कल्पनेपासून सुटला. मग ६.१० च्या सिरीजमधे आधी स्वतःचं रीडडेटा स्ट्रक्चर बदलून नेटएफएसच्या सबरिक्वेस्टभोवतीचं वेष्टन केलं, मग राइटडेटाचं तेच, मग क्रेडिटच्या फंक्शनचे आर्ग्युमेंट सरळ केले, मग फंक्शनं एका फाइलमधून दुसरीत हलवली, मग मेमपूल, मग नवीन हुक्स लिहिले पण जोडले नाहीत, आणि मग एका पॅचमधे कटओव्हर. जुना कोड त्या पॅचमधे डिलीट केलेला नाही, नुसता इफ-शून्य घालून बंद केलाय. डिलीट पुढच्या पॅचेसमधे, तेही तुकड्यातुकड्याने, कारण एकदम मोठा लचका तोडला की डिफ असा काही गुंततो की रिव्ह्यू करणाऱ्याला काय गेलं आणि काय हललं ते कळत नाही. हे कारण त्यांनी कमिट मेसेजमधे लिहूनही ठेवलंय. मोठे फोलिओ चालू करणं तर त्याच्याही नंतर, वेगळ्या पॅचमधे.

याचा अर्थ लक्षात घ्या. कटओव्हरचा पॅच छोटा असायला हवा. बायसेक्ट करताना, म्हणजे बग कुठल्या कमिटमधे आला ते अर्धे-अर्धे करत शोधताना, बोट तिथे आलं तर तुम्हाला पाचशे ओळी वाचायच्यात, पाच हजार नाही. आणि हलवणं व बदलणं एकाच कमिटमधे कधीच नको. पुण्यात स्टोरेजमधे काम करणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, ‘क्लीनअप’ असं नाव दिलेल्या कमिटमधे लपलेला एक बदललेला कंडिशन शोधण्यात किती शनिवार-रविवार गेलेत ते तो सांगेल.

तुमच्या बाबतीत क्रम मी असा धरेन. सगळ्यात आधी ६.१२ च्या फांदीवर (५.४ मधे ही लायब्ररीच नाही), अजून काही न बदलता, तुमच्या इनोडच्या स्ट्रक्चरमधला साधा इनोड काढून तिथे नेटएफएस_इनोड बसवा. हा पूर्ण यांत्रिक बदल आहे, कंपायलरच चुका दाखवतो. मूळ डिझाइनमधे नेटएफएसचा काँटेक्स्ट इनोडच्या लगेच पुढच्या मेमरीत आहे असं गृहीत धरून पॉइंटरची बेरीज केलेली होती, मग जीसीसी कंपायलरचं १२ वं व्हर्जन आलं आणि ते ओरडायला लागलं की तुम्ही फील्डच्या बाहेर मेमसेट करताय, म्हणून ५.१९ मधे इनोडच आत एम्बेड केला, आणि त्यानंतरची थोडी साफसफाई तर लायनस टॉरवाल्ड्सने स्वतः पॅच लिहून केली. चांगलंच झालं, टाइप बरोबर असले की अर्धी भांडणं कंपाइल करतानाच मिटतात.

मग तुमचा ट्रान्सपोर्टचा थर पेजवरून इटरेटरवर आणा, ५.४ च्या फांदीवरच आणि जुन्याच रीड-राइटच्या खाली. मग फक्त रीड नेटएफएसवर. राइट जुनंच राहू दे. या अवस्थेत एक रिलीज काढा आणि खरोखर वापरात जाऊ द्या. सेफही असंच अर्ध्यात राहिलं होतं आणि एनएफएस तर आजही राहिलंय. एनएफएसने ६.४ मधे रीडचा रस्ता नेटएफएसवर नेला, तोही एफएस-कॅशे चालू असेल तेव्हाचाच. लिहिणं त्यांचं स्वतःचं. कारण त्यांच्याकडे पीएनएफएसचे (डेटा थेट अनेक सर्व्हरवर वाचा-लिहायची सोय) लेआउट आहेत, अनस्टेबल राइट (सर्व्हरने घेतलं पण अजून डिस्कवर टिकवलेलं नाही) आणि नंतरचा कमिट आहे, तो सगळा संसार लायब्ररीत बसवायला गेलात तर लायब्ररीचीच एनएफएस होईल. मला ते पटतं. सगळ्यांनी एकाच छताखाली यायलाच पाहिजे असा काही नियम नाही. उलट गंमत अशी की डायरेक्ट आणि बफर्ड आयओ एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून नेटएफएसमधे जी लॉकिंगची फाइल आहे ती एनएफएसकडूनच उचललीये, वर तसं लिहिलेलंही आहे.

म्हणजे तुमच्या प्रोटोकॉलमधे राइटनंतर कमिट अशी दोन टप्प्यांची भानगड असेल तर राइट न्यायच्या आधी नीट विचार करा. नसेल, राइटचं उत्तर आलं म्हणजे डेटा टिकला असा साधा मामला असेल, तर बिनधास्त न्या. आणि लोकल डिस्क कॅशे तुम्ही वापरत नसाल तरी लायब्ररी चालते, कॅशेचा प्रवाह नुसता बंद राहतो. वापरायचा असेल तर ५.१७ च्या आधीचं एफएस-कॅशेबद्दलचं जे काही वाचलंय ते विसरा. तेव्हा ते अख्खं नव्याने लिहिलं गेलं. जुना कॅशेफाइल्स खालच्या फाइलसिस्टीमला बीमॅप करून विचारायचा की इथे ब्लॉक आहे का, असेल तर डेटा आहे असं समजायचा, आणि एक्स्टेंटवाल्या (सलग ब्लॉकांच्या पट्ट्यांत जागा देणाऱ्या) फाइलसिस्टीम दोन एक्स्टेंट जोडायला मधे शून्याचे ब्लॉक स्वतःहून घालू शकतात, मग ती शून्यं म्हणजे सर्व्हरचा डेटा समजली जाण्याचा धोका. नव्यात ते काढून थेट डायरेक्ट आयओ आणलं. ६.८ पासून तर एफएस-कॅशेचा कोड नेटएफएसच्याच डिरेक्टरीत राहायला आलाय.

टेस्टिंगला एक्सएफएसटेस्ट्स हा फाइलसिस्टीमच्या चाचण्यांचा नेहमीचा संच आहेच, क्विक ग्रुप रोज चालवा, पण माझा भरवसा एफएसएक्सवर. ते रँडम वाचणं, लिहिणं, ट्रंकेट, एममॅप, पंच होल करत राहतं आणि दर वेळी आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघतं, आणि फसलं की शेवटच्या ऑपरेशन्सची यादी देतं. झिरो_पॉइंटसारखे बग पकडायला याच्यासारखं काही नाही. फक्त एक करा, तुकड्याची कमाल लांबी टेस्टसाठी मुद्दाम विचित्र आणि छोटी ठेवा, ४ एमबीच्या तुकड्यांनी एफएसएक्सच्या छोट्या फाइलवर सबरिक्वेस्ट कधी दोन होतच नाहीत, मग रिट्राय आणि जोडणीचा कोड चालतच नाही आणि तुम्ही हिरवा टिक बघून खूश. ५००० किंवा ७००० बाइट असं काहीतरी, पेजच्या हद्दीशी न जुळणारं. दुसरं, सर्व्हरकडून मुद्दाम शॉर्ट रीड देणारा एक मोड टेस्ट सर्व्हरमधे घालून घ्या. तिसरं, मेमरी सीग्रुपने (प्रोसेसच्या मेमरीला मर्यादा घालायची कर्नलची सोय) आवळून मोठी फाइल लिहा. आणि चौथं, दोन क्लायंट, एकाने वाढवायची, दुसऱ्याने वाचायची.

बग सापडला तर प्रिंट घालत बसू नका. नेटएफएसचे ट्रेसपॉइंट खूप चांगले आहेत, रिक्वेस्टचा वेगळा, सबरिक्वेस्टचा वेगळा, फोलिओचा वेगळा, प्रत्येक रिक्वेस्टला आकडा असतो त्यावरून पूर्ण आयुष्य वाचता येतं, तुकडा कुठून आला म्हणजे सर्व्हर, कॅशे की शून्य, किती मागितले, किती आले, परत पाठवला का. अडकलेल्या रिक्वेस्ट प्रोकमधल्या नेटएफएसच्या डिरेक्टरीत दिसतात. वर सांगितलेला शून्याचा बग ट्रेसमधे दोन मिनिटांत दिसतो, कारण सबरिक्वेस्टच्या ओळीत सोर्स म्हणून शून्य भरणं असं स्वच्छ लिहून येतं.

आणि एक इशारा, ६.१२ निवडताय ते ठीकच, एलटीएस म्हणजे दीर्घकाळ फिक्स मिळणारं रिलीज आहे, पण रीडची बाजू त्याच रिलीजमधे परत लिहिली गेली, फोलिओंची रांग आणि तिच्यावरचा नवीन इटरेटर तिथेच आला, तुकड्याची लांबी विचारणारा जुना क्लॅम्प_लेंग्थ हुक गेला. त्यामुळे इंटरनेटवर ५.१३ ते ६.११ च्या काळातलं जे उदाहरण सापडेल ते जसंच्या तसं चालणार नाही. पॉइंट रिलीजमधे नेटएफएसचे फिक्स येतच राहिले आहेत, तेव्हा ६.१२ चा जुना पॉइंट रिलीज पकडून बसू नका, आणि नमुना म्हणून नेहमी तुमच्या टार्गेट कर्नलच्याच ट्रीमधला नाइन-पीचा कोड वाचा, सगळ्यात छोटा तोच आहे, एका बैठकीत होतो.

राहिला जुन्या कर्नलवरच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न. एकाच सोर्समधे इफडेफ घालून दोन्ही चालवायचा मोह होणार, करू नका. नेटएफएसचा आणि हाताने लिहिलेल्या पेज कॅशेचा कंट्रोल फ्लोच उलटा आहे, जुन्यात तुम्ही कर्नलला बोलावता, नव्यात लायब्ररी तुम्हाला बोलावते, ते इफडेफने एका फंक्शनमधे कोंबलं की दोन्हीकडचं वाचता येत नाही. ट्रान्सपोर्ट, ऑथेंटिकेशन, डिरेक्टरी, ॲट्रिब्यूट हे सगळं कॉमन ठेवा, आणि डेटाच्या रस्त्याच्या दोन वेगळ्या फाइली ठेवून मेकफाइलमधेच निवडा कुठली बिल्ड होणार. ट्रान्सपोर्ट आधी इटरेटरवर आणायला सांगितलं ते याचसाठी पण, ५.४ मधेही इटरेटर आहे, त्यामुळे खालचा थर दोघांना एकच राहतो. जुन्या फाइलमधे यापुढे फक्त बग फिक्स, एकही नवीन फीचर नाही, आणि ज्या दिवशी शेवटचं गिऱ्हाईक ५.४ वरून हलेल त्या दिवशी ती फाइल एका कमिटमधे डिलीट.